आधी वाट, मग साठा

तुझ्या तलावाच्या सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेची, फाईल बघितली. रात्री मोबाईलवर उघडली होती, डोळे दुखायला लागले म्हणून सकाळी प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. हिशोब बरोबर आहे तुझा. पाणलोट ४० चौरस किलोमीटर, जुन्या फाईलमध्ये पूर काढायच्या इंग्लिसच्या सूत्राने ७०० क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला ७०० घनमीटर, धरलेत, तुझा नवा पूर ९८० येतोय. मी वेगळ्या वाटेने करून बघितलं तरी साधारण तिथेच पोचतो. त्यामुळे "सर माझं कुठे चुकलंय का" हा प्रश्न आता सोडून दे. तुला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे, की आकडा बरोबर असेल तर त्याचं करायचं काय, कारण वरचे साहेब म्हणतायत पन्नास वर्षं तलावाला काही झालं नाही, धरणाच्या माथ्यावर एक परॅपेट, म्हणजे कठडा, घाल, अंदाजपत्रक छोटं ठेव आणि मोकळी हो. आणि तुला ते पटत नाहीये पण का पटत नाही हे मांडता येत नाहीये.

मांडू या. आणि हिम्मत ठेव वगैरे मी लिहिणार नाही, ती नसती तर तू हा हिशोब परत केलाच नसतास, जुना आकडा कॉपी करून टाकला असतास.

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी नोकरीभर सगळ्यांना ऐकवत आलो, काही जण त्यामुळे वैतागले पण असोत. आधी पाण्याला वाट दे, मग साठा मोज. आपल्याकडे सगळं उलटं चालतं. कागदावर पहिला आकडा साठ्याचा, उद्घाटनाच्या दगडावर साठा, पेपरात साठा, टक्केवारी साठ्याची, आणि सांडवा कुठेतरी शेवटच्या पानावर. धरण पाणी अडवतं हे सगळ्यांना दिसतं. पण ते उभं राहतं सांडव्याच्या जिवावर, विशेषतः मातीचं धरण, कारण दगडी धरणावरून फूट दोन फूट पाणी गेलं तर ते कदाचित तगेल, मातीच्या भरावावरून गेलं तर काही तासांचा खेळ असतो.

आता तुझा तलाव घे. सांडवा १२० मीटर लांब, दरवाजे नाहीत, साधा माथा. सूत्र तुला पाठ आहे, गुणांक १.७ धरला तर ७०० जायला माथ्यावर २.२८ मीटर पाणी लागतं आणि ९८० जायला २.८५. फरक ५७ सेंटिमीटर. साहेबांचं गणित इथेच थांबतं, फ्रीबोर्ड, म्हणजे पुराच्या पातळीपासून धरणाच्या माथ्यापर्यंतची मोकळी उंची, दीड मीटर आहे ना, मग ५७ गेले तरी ९३ उरतात, वर एक परॅपेट, झालं. ऐकायला अगदी बिनतोड वाटतं, आणि तुझी अडचण तीच आहे की हे बिनतोड वाटतं.

पण तूच पाठवलेल्या लेव्हल बघ ना. चेनेज, म्हणजे धरणाच्या लांबीवर मोजलेलं अंतर, २१० ते ३०० मध्ये, म्हणजे बरोबर जुन्या नाल्याच्या पात्रावर जिथे भराव सगळ्यात उंच आहे तिथे, धरणाचा माथा मूळ नकाशापेक्षा ३० सेंटिमीटर खाली बसलाय. मातीचा भराव बसतोच, त्यात कुणाचा दोष नाही, पण बसलेला भराव परत वर कुणी आणला नाही. म्हणजे ९३ चे राहिले ६३. आता त्यात लाटा घाल. ज्या रात्री असा पूर येतो त्या रात्री वाराही असतो, तो काय परवानगी घेऊन थांबणारे का? फ्रीबोर्ड लाटांसाठी आणि भराव बसण्यासाठी ठेवलेला असतो, पुराचा वाढलेला आकडा त्यात ढकलायला नाही. शिवाय हार्टिंगचा, म्हणजे भरावातल्या काळ्या मातीच्या गाभ्याचा, माथा कुठल्या लेव्हलला आहे ते काढ. पन्नास वर्षांपूर्वीच्या कामात काळ्या मातीचा गाभा महत्तम पूर पातळीच्या जरासा वर आणून थांबवलेला सापडतो आणि त्यावर नुसता मुरूम. पाणी गाभ्याच्या वर चढलं की त्या मुरमातून ते आरपार यायला लागतं, मग परॅपेट कितीही उंच असू दे. गाभ्यात नीट बांधून घेतलेली भिंत ही वेगळी गोष्ट, ती करतात आणि चालते. तुमच्या अंदाजपत्रकात आहे ती पादचाऱ्यांनी खाली पडू नये म्हणून बांधायची दगडी कठड्याची भिंत आहे, मी आयटम वाचलेत.

आणि हे सगळं करून मूळ प्रश्न तसाच, वाट तेवढीच. परॅपेटने तू पाण्याला उंच चढायला जागा दिलीस, बाहेर जायला दिली नाहीस.

पन्नास वर्षं काही झालं नाही, हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता चिडच येते. शंभर वर्षांत एकदा असा म्हणून जो पूर म्हणतात तो पन्नास वर्षांच्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चाळीस टक्के. म्हणजे दहातले सहा तलाव पन्नास वर्षं काही न होता पार पडणारच, त्यांचा सांडवा अशा पुराला अपुरा असला तरी. तुझा तलाव त्या सहांत होता, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. आणि तुझा तलाव १२ दलघमीचा, म्हणजे दशलक्ष घनमीटरचा, आणि १७ मीटर पाण्याचा, म्हणजे १९८५ च्या भारतीय मानकाप्रमाणे, ११२२३ क्रमांकाचं, तो मध्यम वर्गात येतो, त्याला शंभर वर्षांचा पूर चालतच नाही, त्याहून मोठा, प्रमाणित प्रकल्प पूर लागतो. खाली वस्ती दाट असेल तर त्याहून मोठा धरायची मुभा तेच मानक देतं. तलाव बांधला ७२ च्या दुष्काळानंतर लगेच, मानक आलं नंतर, त्यामुळे त्या वेळच्या लोकांना मी बोल लावणार नाही. हाताला काम आणि गावाला पाणी ही त्यांची निकड होती, पाऊस मोजायची केंद्रं हाताच्या बोटांवर होती, त्यात त्यांनी इंग्लिसचं सूत्र वापरलं जे आपल्याच घाटातल्या नद्यांवरून बसवलेलं होतं. त्यांनी त्यांच्यापुरतं नीट केलं. आज तुझ्यासमोर २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आहेत, जुलै २०२१ चे महाबळेश्वरचे एका दिवसातले ५९४ आहेत. हे माहीत असताना जुना आकडा धरणं म्हणजे दिसत असून डोळे मिटून घेणं.

गुजरातच्या मच्छू-२ धरणाचं नाव तुला कॉलेजात नुसतं नावापुरतं सांगितलं असेल. ११ ऑगस्ट १९७९, मोरबी. सांडवा होता सुमारे ५,६६३ क्युमेक्सचा, पूर आला १६,००० च्या वर, जवळपास तिप्पट. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले, मधला दगडी सांडवा मात्र उभाच राहिला. हे चित्र मी डोळ्यांसमोरून कधी जाऊ दिलं नाही, की दिलेली वाट अपुरी पडली म्हणून पाण्याने शेजारची माती फोडून स्वतःची वाट केली. किती माणसं गेली त्याचे सरकारी आणि लोकांचे आकडे आजही जुळत नाहीत. नंतर ते धरण परत बांधलं तेव्हा सांडवा किती केला माहितीये? सुमारे २१,००० क्युमेक्स. तेच खोरं, तीच नदी. जवळपास चौपट वाट देता येत होती, फक्त आधी दिली नाही.

आणि आकडा बदलला म्हणून जुन्या लोकांचा अपमान होतो असंही कुणी मनात आणू नये. हिराकूडसारखं धरण, १९५७ चं, ४२,४५० क्युमेक्सवर बेतलेलं, त्याचा पूर परत काढला तर ६९,६३२ आला आणि जादा सांडव्याचं नियोजन करावं लागलं. एवढ्या मोठ्या धरणाच्या बाबतीत लोकांनी मान्य केलं, आपल्या लघु पाटबंधाऱ्याच्या तलावाला कसला आलाय मान.

वरच्या पाझर तलावांचं काय केलंस? तुझ्या नकाशात तीन दिसतायत आणि अहवालात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. हे मला आवडलं नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्यात काय झालं ते तुझ्या आजीला विचार, मी लहान होतो पण घरात वर्षानुवर्षं तेच बोलणं असायचं. पानशेतचं दुखणं विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या मार्गाच्या, अर्धवट कामाचं होतं, ती कथा वेगळी, पण खडकवासला का गेलं? ऐंशी वर्षांहून जुनं दगडी धरण, त्याच्या स्वतःच्या पाणलोटाचा पाऊस त्याने इतकी वर्षं सोसला होता, वरून एक अख्खं धरण पाणी होऊन खाली येईल असं त्याच्या हिशोबात नव्हतंच. तुझे ते तीन पाझर तलाव एका रात्रीत फुटले तर? एक फुटला की खालचा फुटतो, ही माळ असते. त्यांचं पाणी ९८० मध्ये नाहीये. ते धरून परत काढ.

आता तो दुसरा प्रस्ताव, सांडव्यावर दरवाजे बसवायचे, म्हणजे पूरही जास्त जाईल आणि साठाही वाढेल, शेतकरी खूश, सगळे खूश. मी याला विरोध करीन आणि तू पण करावास असं मला वाटतं. दरवाजे वाईट नाहीत, कोयनेला वक्रद्वारांशिवाय भागणारच नाही, आणि विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते याच भूमीवर. पण तुझ्या तलावावर आहे कोण? एक चौकीदार, तो पण दोन तलाव सांभाळतो. वीज पाऊस सुरू झाला की जाते. डिझेलचा जनरेटर बसवाल, त्याची बॅटरी तिसऱ्या वर्षी उतरलेली असेल. रबर सील, वायर रोप, ग्रीसिंग, दर उन्हाळ्यात कोण करणार आणि कुठल्या हेडखाली? आंध्रात चेय्येरू नदीवरचं अन्नमय्या धरण नोव्हेंबर २०२१ मध्ये गेलं, पाच दरवाजांतला एक आधीपासूनच बंद पडलेला, पूर क्षमतेच्या वर, मातीचा भराव वाहून गेला. तुंगभद्रेला ऑगस्ट २०२४ मध्ये १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजाच गेला, तिथे तर सगळा स्टाफ आहे, बोर्ड आहे, तरी. ज्या जागी रात्री तीन वाजता माणूस पोचेल याची खात्री नाही त्या जागी वाट माणसावर अवलंबून ठेवायची नाही. उघडा सांडवा रात्री तीनला पण उघडाच असतो.

मग काय करायचं. १२० चा सांडवा १६८ मीटर केलास तर ९८० जुन्याच २.२८ मध्ये निघून जातात, हा हिशोब मी केला, तू पण कर. डाव्या अंगाला टेकडीत पक्का खडक दिसतोय तुझ्या ट्रायल पिटमध्ये, ४८ मीटर तिकडे जागा आहे. सुरुंग धरणाच्या इतक्या जवळ मारायला परवानगी मिळणार नाही, ब्रेकरने फोडावं लागेल, महाग पडेल, पडू दे. ते जमलंच नाही तर नागमोडी माथ्याचा, लॅबिरिंथ सांडवा बघ, तेवढ्याच रुंदीत माथ्याची लांबी दुप्पट तिप्पट होते, पण माथ्यावर पाणी जास्त चढलं की त्याचा फायदा कमी होत जातो, म्हणून नुसतं कॅटलॉग बघून ठरवू नकोस, नाशिकला मेरीत, त्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, मॉडेल करून घे. फ्यूज प्लग म्हणून भरावाचाच एक तुकडा मुद्दाम कच्चा ठेवायचा आणि मोठ्या पुरात तो जाऊ द्यायचा ही पण पद्धत आहे, मला ती तुझ्या जागेवर नको वाटते कारण त्याच्या खाली लगेच वस्ती आहे.

पण या सगळ्याच्या आधी पुच्छ कालवा, सांडव्यावरून पडलेलं पाणी नदीत नेणारा. तू सांडव्याच्या माथ्याबद्दल चार पानं लिहिलीस आणि पुच्छ कालव्याबद्दल अर्धा परिच्छेद. अगं माथ्यावरून गेलेलं पाणी नदीत पोचेपर्यंत ती वाटच आहे ना! कालवा ९८० वाहू शकत नसेल तर पाणी तिथेच तुंबणार, माथ्याच्या पाठीमागून चढणार, सांडवा बुडणार आणि तुझा १.७ चा गुणांक कागदावरच राहणार. नाहीतर कालव्याची कड फोडून ते धरणाच्या पायथ्याकडे वळणार, ते तर सगळ्यात वाईट. अमेरिकेत ओरोव्हिलला, देशातलं सगळ्यात उंच धरण ते, फेब्रुवारी २०१७ मध्ये मुख्य सांडव्याची काँक्रीटची घसरण उखडली म्हणून पाणी आपत्कालीन सांडव्यावरून गेलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याच्या खालचा उघडा डोंगर डिझाईनच्या अगदी छोट्याशा हिश्श्यातच खणत खणत माथ्याच्या दिशेने यायला लागला. १ लाख ८० हजारांहून जास्त लोकांना घरं सोडायला लावली. माथा शाबूत होता. खालची वाट कुणी नीट तपासली नव्हती.

तुझ्या फोटोत, सहाव्या, पुच्छ कालव्यात ऊस दिसतोय. आणि वळणावर पत्र्याची शेड आहे, बहुतेक कोंबड्यांची. कालव्याची जागा संपादित आहे का, सातबाऱ्यावर विभागाचं नाव चढलंय का, ते तलाठ्याकडून काढ. बऱ्याचदा पैसे दिलेले असतात, कब्जा घेतलेला असतो, आणि उताऱ्यावर मूळ मालकच राहिलेला असतो. त्याला तू अतिक्रमण म्हणालीस की भांडण सुरू.

भांडण होणारच आहे म्हणा. माझ्या एका तलावावर सांडव्याच्या माथ्यावर गाववाल्यांनी पोती रचली होती. युरियाची रिकामी पोती, मुरूम भरून सुतळीने शिवलेली, दोन थर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मागच्या अंगाला पाणी झिरपू नये म्हणून काळी माती लिंपलेली, इतकं व्यवस्थित काम की आमच्या ठेकेदाराला जमलं नसतं. दीड फूट साठा वाढला होता. उन्हाळ्यात त्या दीड फुटावर किती विहिरी आणि किती जनावरं जगली ते मला दिसत होतं, मी काही आंधळा नव्हतो. तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ती काढायला लावली. पोलीस बंदोबस्तात. बायका माथ्यावर बसून राहिल्या होत्या, एका म्हाताऱ्याने मला तोंडावर सांगितलं की तुझ्यासारखा वैरी या गावाला लाभला नाही, तुला पाणी दिसत नाही का. मी काय बोलणार. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला, तलाव जेमतेम भरला, आणि मग तर काय, सगळे म्हणायला लागले बघा साहेबाने उगाच पाणी घालवलं. वरूनही तेच ऐकवलं गेलं. पुढच्या वर्षी माझी बदली.

मी आज परत तेच करीन. पूर आला नाही म्हणून पोती काढणं चूक ठरत नाही. दीड फूट पोती म्हणजे तेवढी वाट बंद, आणि पोती पुरात वाहून जातीलच असं म्हणणाऱ्यांनी मला कधी लिहून दिलं नाही, मी मागितलं होतं. मनात सल आहे तो वेगळा. त्याच तलावाचा सांडवा वाढवायचा प्रस्ताव मी पाठवला होता, फिरत फिरत मंजुरीपर्यंत गेला आणि निधी दुसऱ्या कामाकडे वळला, आणि मी निवृत्त झालो तरी तो तलाव तसाच आहे. अजून जुलैत पावसाचे आकडे बघताना माझी नजर पहिल्यांदा त्या सर्कलवर जाते. घरचे म्हणतात सोडा आता. सुटत नाही.

म्हणून तुझ्यावर चिडलो फोनवर, ते मनावर घेऊ नकोस. तू म्हणालीस "बघू, ड्रिपमध्ये बसलं तर करू," तेव्हा मला तो प्रस्तावच आठवला. ड्रिप, म्हणजे धरणं दुरुस्त करायची योजना, तिची यादी केंद्राची, ७३६ धरणं सगळ्या देशात, आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात दोन हजारांवर मोठी धरणं आहेत. बसलं तर उत्तम. नाही बसलं तर? धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू, प्रत्येक निर्दिष्ट धरणाचं पहिलं सर्वंकष मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांकडून पाच वर्षांत व्हायला हवं, आणि १५ मीटरच्या वरचं तुझं धरण त्यात येतंच. कायद्याचा आधार घेऊन लिही. "विनंती आहे की" असं लिहू नकोस, "कायद्यानुसार आवश्यक" असं लिही, नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेला प्रत टाक आणि आवक क्रमांक घे. आवक क्रमांक महत्त्वाचा.

आपत्कालीन कृती आराखडा पण कर, तो लागतोच, खालच्या गावांची फोन यादी, भोंगा, कुठल्या शाळेत लोक न्यायचे. कोकणातलं तिवरे धरण फुटलं २ जुलै २०१९ ला, रात्री, वीसहून जास्त माणसं गेली, गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. रात्री झोपलेल्या वाडीला कोण उठवणार हे कागदावर नावासकट असलं पाहिजे. पण आराखडा झाला की सांडव्याचं काम मागे पडतं असा माझा अनुभव आहे, लोकांना पळवायची सोय झाली की मग पाण्याच्या वाटेची घाई कुणालाच राहत नाही. तसं होऊ देऊ नकोस.

शेतकऱ्यांशी मात्र तू स्वतः बोल, साहेबांना पुढे करू नकोस. सांडव्याचा माथा खाली घेणार नाही, साठा एक लिटरने कमी होणार नाही, फक्त रुंदी वाढणार, हे त्यांना टेकडीवर नेऊन चुन्याने आखून दाखव. माझ्याकडे त्यांना दाखवायला असं काही नव्हतं, तुझ्याकडे आहे. त्यांचा विरोध साठा जाण्याला असतो, सुरक्षिततेला नसतो, त्यांचीच घरं खाली आहेत.

आता काम. पुढच्या आठवड्यात पुच्छ कालव्याचे छेद घे, दर ३० मीटरला, नदीच्या पात्रापर्यंत, वळणावर दर दहाला. हार्टिंगचा माथा बघायला भरावावर तीन खड्डे, चेनेज २१०, २५० आणि ३००, आणि ते त्याच दिवशी थरथराने ठोकून बुजव, तसेच ठेवून घरी जाऊ नकोस. एकटी जाऊ नकोस, चौकीदाराला घे, गमबूट घाल, त्या उसात घोणस असते. वरच्या तीन पाझर तलावांचा साठा जिल्हा परिषदेकडे मिळेल. हे सगळं एका शीटमध्ये घालून पाठव, मी बघतो, रविवारपर्यंत वेळ काढून बसू. तोवर परॅपेटच्या अंदाजपत्रकावर सही करू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.